अडीच माणसांचं विद्यापीठीय प्रकाशन : मजकूर हातात येतो तिथपासून पुस्तक टपालात पडेपर्यंत

जळगावात सोनं तोळ्यावर तोलतात, आम्ही पुस्तक ग्रॅमवर तोलतो. आमच्या प्रकाशन विभागात तीन टेबलं, अडीच माणसं आणि स्वयंपाकघरात असतो तसला एक डिजिटल वजनकाटा आहे. अर्धा माणूस म्हणजे लेखा विभागाकडून आठवड्यातले तीन दिवस उसना मिळणारा लिपिक. काटा कशाला, ते पुढे येईलच.

विद्यापीठाचं किंवा महाविद्यालयाचं छोटं प्रकाशन कसं चालवायचं, असं विचारणारे फोन दरवर्षी येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “मशीन कोणतं घ्यायचं?” मशीन घ्यायचंच नसतं. प्रकाशन म्हणजे छापखाना नव्हे. छपाई बाहेर होते आणि आपण फाइल पाठवतो. चूक, खर्च, विक्री यांतलं बहुतेक सगळं ती फाइल पाठवण्याआधीच ठरून गेलेलं असतं. म्हणून हा लेखही बराचसा त्या आधीच्या कामाबद्दल आहे.

उदाहरणाला एकच पुस्तक घेतो. आखाजीच्या, म्हणजे खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, अहिराणी गाण्यांवरचा पीएच.डी.चा प्रबंध आमच्याकडे आला, आणि त्याचं २०८ पानांचं पुस्तक झालं.

काय छापायचं नाही, ते आधी लिहून काढा

पाठ्यपुस्तकं, गाइडं, कादंबऱ्या हे सगळं पुण्या-मुंबईचे प्रकाशक आपल्यापेक्षा चांगलं आणि स्वस्तात करतात. त्यांना न परवडणारं, पण इथे कुणीतरी करायलाच हवं, असं जे उरतं ते आपलं. आणि ते थोडं नाही. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पश्चात १९२७ मध्ये उभं राहिलेलं संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिरातली हस्तलिखितं आहेत. अमळनेरात १९१६ चं तत्त्वज्ञान मंदिर आहे. अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, गुजरी, भिल्ली, पावरी, मावची एवढ्या बोली जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत नांदतात. भारताचं भाषासर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सनने १९०७ च्या खंडात खान्देशीला भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं, त्यावरचे वाद आजही चहाच्या टपरीवर रंगतात. १९९० मध्ये या भागासाठी वेगळं विद्यापीठ झालं. तेव्हापासून या विषयांवरचे प्रबंध ग्रंथालयाच्या मांडणीत एकावर एक चढत गेलेत. खाण तिथेच आहे.

दारात येणारी गर्दी मात्र दुसरीच असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या निवडीसाठी आणि बढतीसाठी राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या पुस्तकाला १० गुण आहेत, त्यामुळे मुलाखत जवळ आली की माणसं पेनड्राइव्ह घेऊन येतात. “सर, पंचवीस प्रती काढा, आयएसबीएन तेवढा टाका.” (आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक.) एकदा हो म्हटलंत की पुढच्या आठवड्यात त्यांचे चार सहकारी दारात. तोंडी नाही म्हणायला जड जातं, कारण समोरचा कुणाचा तरी मेहुणा असतो. म्हणून एक पानाचं धोरणपत्र करा, संस्थेच्या बैठकीत मंजूर करून घ्या आणि टेबलाच्या काचेखाली ठेवा. आमच्या पत्रात एक वाक्य असं आहे: ‘लेखकाकडून छपाईखर्च घेऊन पुस्तक काढले जाणार नाही.’ या एका ओळीने निम्मी गर्दी परत जाते.

निवडीसाठी पाच जणांची समिती पुरे. त्यातले दोघे संस्थेबाहेरचे हवेत, नाहीतर समितीची बैठक म्हणजे विभागप्रमुखांचं स्नेहभोजन होतं. समितीने ‘पुढे जाऊ द्या’ म्हटलेला मजकूर दोन परीक्षकांकडे लेखकाचं नाव काढून पाठवायचा. आमचा एक हट्ट आहे: बोलीवरचं पुस्तक असेल तर एक परीक्षक ती बोली घरात बोलणारा हवा, पदवी नसली तरी चालेल. परीक्षकाला मुदत द्या, मानधन द्या आणि प्रश्न नेमके विचारा. यात नवं काय आहे? कोणता भाग काढला तर पुस्तक सुधारेल? तुम्ही हे पदरचे पैसे देऊन विकत घ्याल का? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात खरी उत्तरं येतात.

प्रबंधाचं पुस्तक करताना

आखाजीचा प्रबंध टंकलिखित ४१२ पानांचा होता. पहिली ७० पानं उद्दिष्टं, गृहीतकं, संशोधनपद्धती, पूर्वसंशोधनाचा आढावा. पुढे ‘लोकसाहित्य : संकल्पना व स्वरूप’ हे प्रकरण, जे महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रबंधांत असतं. गाणी कुठे? परिशिष्ट ‘क’ मध्ये, दहाच्या टायपात, दोन रकान्यांत.

आम्ही प्रबंध उलटा केला. गाणी मध्यभागी आणली, प्रत्येक गाण्याखाली ते कुणी गायलं, कोणत्या गावात, झोक्यावर म्हणतात की गौराईपुढे, एवढं दिलं. शब्दार्थ त्याच पानावर. पद्धतीची ७० पानं सहा पानांच्या प्रस्तावनेत मावली. लेखिका बाई सुरुवातीला रागावल्या: “माझ्या मार्गदर्शकांना काय वाटेल?” त्यांना सांगितलं, “मॅडम, प्रबंध तिघांनी वाचायचा होता, तो त्यांनी वाचला. हे तुमच्या आईने वाचायचं आहे.” मग कात्री त्यांनीच हातात घेतली.

संपादकाने नवं वाक्य लिहू नये, हा माझा नियम. समासात प्रश्न लिहावा. ‘हे गाव कोणत्या तालुक्यातलं?’, ‘पान ४० वर याच्या उलट म्हटलंय’. उत्तर लेखकाने लिहायचं. त्याला वेळ जास्त लागतो, पण पुस्तक लेखकाचं राहतं.

करार : दोन पानं, पण हवीच

खान्देशात शब्दावर व्यवहार होतात, आणि पुस्तकाच्या बाबतीत तिथेच घोळ होतो. प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार हक्क लेखी दिलेले असतील तरच दिलेले. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तोही जातो. म्हणजे छापील पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओ आणि अनुवाद या चारींचा वेगवेगळा उल्लेख करा. रॉयल्टी किती टक्के, छापील किमतीवर की हातात आलेल्या रकमेवर, हेही. छोट्या प्रकाशनाने हातात आलेल्या रकमेवर द्यावी, पण दरवर्षी न चुकता, हिशेबाच्या कागदासह.

जुनं साहित्य घेताना मुदत मोजा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, हा सर्वसाधारण नियम. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. बहिणाबाईंची गोष्ट निराळी. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या साहित्याची मुदत प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्या गाण्यांची मुदत २०१२ अखेर संपली. पुस्तकाला जोडलेली इतरांची प्रस्तावना मात्र त्या-त्या माणसाची, तिची मुदत वेगळी मोजायची.

आणि गाणी सांगणाऱ्या बाया? कायद्याच्या चौकटीत लोकगीताचा मालक सापडत नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी एका आजींना विचारलं, “माय, हे गाणं तुझं का?” त्या म्हणाल्या, “हाई गानं मन्हं नही, मन्ही मायनं शे.” त्या आजींचं आणि त्यांच्या आईचंही नाव गाण्याखाली छापलं. प्रत्येक गायिकेला दोन प्रती आणि मानधनाचं पाकीट घरी नेऊन दिलं. लेखा विभागाने पावती मागितली. अंगठ्याचे ठसे लावलेल्या त्या पावत्या फाइलमध्ये आहेत.

लिपी : इथे घाई केलीत तर पुढे सगळं निस्तरावं लागेल

जुने लेखक अजून श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या फाइली देतात. त्या युनिकोडमध्ये बदलणारी सॉफ्टवेअरं आहेत आणि ती नव्याण्णव ठिकाणी बरोबर असतात. शंभरावी जागा अहिराणीत नेमकी दर ओळीत येते.

‘काय करी ऱ्हायना’ हे वाक्य घ्या. यातला ‘ऱ्ह’ हा अर्धचंद्रासारख्या आडव्या र-चा आहे. साधा र, हलन्त आणि ह टाइप केला की संगणक इमानदारीने त्याचा रफार करतो आणि कागदावर येतं ‘र्हायना’. हवा असलेला ‘ऱ्ह’ काढायला नुक्त्याचा ऱ लागतो; इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे-ची कळ, मग हलन्त, मग ह. आमच्या पहिल्या मुद्रितांत (प्रुफांत) असे ‘र्हायना’ १४० निघाले. शोधा-बदला करून दोन मिनिटांत सुटतं, पण काय शोधायचं ते आधी माहीत हवं. त्याच यादीत ‘ॲ’ आणि ‘ऍ’, शेंडीफोड्या श, पाकळीयुक्त ल आणि अवतरणचिन्हांच्या दिशा घाला. श आणि ल यांचं मराठी वळण फाँटवर आणि परिच्छेदाला लावलेल्या भाषेवर अवलंबून असतं. भाषा ‘हिंदी’ राहिली तर काही फाँटांत हिंदी वळण येतं. पानं मांडायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडल्याशिवाय एक ओळही ओतू नका, वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. फाँटसाठी पैसे नसतील तर मुक्ता आहे, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. दोन्ही मोफत आणि छापायला देखणे.

यानंतर शुद्धलेखन. प्रमाण मराठीसाठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४. प्रस्तावना, टिपा, मलपृष्ठ यांना ते लावा. गाण्यांना लावू नका. हे मी अनुभवाने शिकलो. आम्ही मुद्रितं एका अनुभवी, काटेकोर मुद्रितशोधकाकडे पाठवली आणि सूचना द्यायला विसरलो. अहिराणीत ळ-चा य होतो, डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी, शाळा म्हणजे शाया. त्या गृहस्थांनी प्रेमाने सगळे डोये ‘डोळे’ करून दिले. लाल शाईचा पाऊस! त्यांचा काही दोष नाही, चूक माझी. पंधरा दिवस आम्ही त्यांच्या दुरुस्त्या पुन्हा बिघडवत बसलो.

तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाला एक ‘शब्दपत्र’ जोडतो. एका कागदावर तीन रकाने: असंच ठेवा, बदला, लेखकाला विचारा. ‘शे’ आणि ‘से’ (दोन्हींचा अर्थ ‘आहे’) दोन्ही पहिल्या रकान्यात. एका गावची बाई ‘शे’ म्हणते, दुसऱ्या गावची ‘से’. एकसारखेपणाच्या हौसेपायी दोघींना एका साच्यात घातलं तर ज्या कामासाठी पुस्तक काढलं तेच गेलं.

मुद्रितं तीनदा वाचा. पहिलं वाचन मूळ मजकुराशी ताडून, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. दुसरं लेखकाचं. तिसरं वाचन मजकुराचं नसतंच. फक्त पानक्रमांक, शीर्षओळी, अनुक्रमणिका आणि मुखपृष्ठ. मुखपृष्ठावरची चूक सगळ्यांना दिसते, मुद्रितं वाचणाऱ्याला सोडून, कारण ते कुणी वाचतच नाही.

आता काटा काढा

डेमी आकार म्हणजे कापून साडेपाच बाय साडेआठ इंच. छपाई १६ पानांच्या फॉर्ममध्ये होते, म्हणून एकूण पानं १६ च्या पटीत आणा. आमची २०८ पानं म्हणजे बरोबर १३ फॉर्म. २३ बाय ३६ इंचाच्या एका तावात दोन फॉर्म बसतात. ५०० प्रतींना १३ गुणिले ५०० भागिले २, म्हणजे ३,२५० ताव, साडेसहा रीम (एक रीम म्हणजे ५०० ताव). ७० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम कागदाचं, हे रीम साधारण १८.७ किलो भरतं. वाया जाणारा कागद वेगळा धरा. हे गणित स्वतःला येत असलं की कोटेशन वाचता येतं.

संस्थेत तीन कोटेशनं लागतात आणि काम सगळ्यात कमी दराला जातं. कमी दर कुठून येतो, ते बघा. कोटेशनच्या नमुन्यात ‘चांगला कागद’ असं कधी लिहू नका. ‘मॅपलिथो ७० जीएसएम, नॅचरल शेड, मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, फॉर्म शिलाई’ असं लिहा. पुस्तकं आली की एक प्रत काट्यावर ठेवा. वरच्या मापाचं २०८ पानी पुस्तक २४० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. एका पुस्तकाच्या वेळी काट्याने २०८ दाखवलं. कागद ६०चा लागला होता. छापणाऱ्याला फोन केला तर म्हणाले, “सर, हाताला तर सारखाच लागतो ना!” हाताला लागतो, काट्याला नाही. बिल त्या हिशेबाने कमी झालं.

काट्याचा दुसरा उपयोग टपालासाठी. टपाल खात्याने मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, वर कर. आमचं पुस्तक २४०, खाकी कागद आणि पुठ्ठा ४०, एकूण २८०. बसलं. शेवटच्या क्षणी लेखिका बाईंना आणखी दोन फॉर्म हवे होते, छायाचित्रांसाठी. ३२ पानं म्हणजे आणखी ३४ ग्रॅम. पाकीट ३००च्या पलीकडे. छायाचित्रं आठवर आणली आणि आधीच्या कोऱ्या पानांवर बसवली.

किती प्रती? तीनशेच्या आत असतील तर डिजिटल छपाई, त्यापुढे ऑफसेट, असं आम्ही धरतो. मी तर म्हणेन, पहिल्या खेपेला शंका असेल तर कमीच काढा. गोदामात पडलेल्या प्रतींवर कुणी गुण देत नाही.

शिलाईचा आग्रह का? आपला मे महिना. नुसत्या गरम डिंकाच्या बांधणीची पुस्तकं आम्ही एका उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली होती. जूनमध्ये उघडली तर पानं पत्त्यासारखी हातात, आणि एका बाजूने लॅमिनेशन असलेली मुखपृष्ठं पापडासारखी वळलेली. गठ्ठे आडवे ठेवा, बांधणीची बाजू आलटून पालटून, भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून वर. वाळवीला लोकसाहित्य आणि अर्थशास्त्र सारखंच.

नंबर आणि चार प्रती

आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि मोफत मिळतो. तो विकणारा कुणी भेटला तर चहा पाजून परत पाठवा. नोंदणी प्रकाशकाच्या नावाने होते, छापणाऱ्याच्या नव्हे. साधी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगळे नंबर लागतात. पुनर्मुद्रणाला तोच चालतो, सुधारित आवृत्तीला नवा. नंबर टाइप करताना चुकला का ते तपासायची सोपी रीत: पहिल्या १२ अंकांना आलटून पालटून १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, दहाच्या पुढच्या पटीला जेवढे कमी पडतात तेवढा तेरावा अंक. बेरीज नेमकी दहाच्या पटीत आली तर शून्य.

प्रकाशनानंतर ३० दिवसांत चार ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवणं १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईतलं एशियाटिक सोसायटीच्या इमारतीतलं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. न पाठवल्यास दंड ५० रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत, म्हणून बरेच जण पाठवत नाहीत. पाठवा. पन्नास वर्षांनी आपलं गोदाम नसेल, ती प्रत असेल.

विक्री

समजा ५०० प्रतींना सगळा मिळून ६०,००० रुपये खर्च आला. प्रत १२० ला पडली. विक्रेता ४० टक्के मागतो. किंमत २५० ठेवलीत तर हातात १५०. त्यातून लेखकाच्या, परीक्षकांच्या, गायिकांच्या आणि अभिप्रायाच्या प्रती वजा करा. आमच्या ६० गेल्या. उरलेल्या ४४० पैकी ४०० विकल्या गेल्या तेव्हा खर्च निघाला. याहून सुंदर हिशेब कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका.

ग्रंथालयांचा पैसा ३१ मार्चला संपतो, म्हणून पुस्तक डिसेंबरपर्यंत तयार हवं. फेब्रुवारीत आलेल्या पुस्तकाची ऑर्डर पुढच्या वर्षावर जाते. ग्रंथपालांना ईमेलपेक्षा फोन करा, आणि बिलासोबत आयएसबीएन, पानं, आवृत्ती लिहिलेली चिठ्ठी द्या. त्यांचं नोंदणीचं काम वाचतं, ते तुम्हाला लक्षात ठेवतात.

ग्रंथालयांबाहेरचा वाचक मात्र दुकानात येत नाही, त्याच्याकडे जावं लागतं. सारंगखेड्याच्या यात्रेत आम्ही टेबल मांडलं. शेजारी घोड्यांचे खोगीर, समोर भरीत-भाकरी. पहिल्या दिवशी दोन प्रती गेल्या, त्यातली एक आमच्याच ड्रायव्हरदादांनी घेतली. दुसऱ्या दिवशी आमच्या सहकारी मॅडमनी पुस्तक उघडून एक गाणं चालीवर म्हणायला सुरुवात केली. नऊवारीतल्या तीन बाया थांबल्या, चौथीने चाल चुकल्याचं सांगितलं आणि स्वतः म्हणून दाखवलं. संध्याकाळपर्यंत ३१ प्रती. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी नातीसाठी घेतलं. त्या चौथीचं पाठांतर मॅडमनी मोबाइलवर टिपून घेतलं. आमच्या छापील पाठात एक कडवंच नव्हतं.

शेवटचं काम म्हणजे कार्यालय प्रत. प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कपाटात बंद ठेवा, वर ठळक ‘देऊ नये’ लिहा, आणि सापडेल ती चूक लाल पेनाने तिच्यातच नोंदवा. छपाईची अंतिम पीडीएफ, मूळ मांडणीची फाइल आणि फाँट हे तिन्ही दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा; नुसती पीडीएफ ठेवलीत तर दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा अक्षरजुळणी करावी लागते. आखाजीच्या आमच्या कार्यालय प्रतीत सध्या २३ खुणा आहेत. बावीस आमच्या आम्हाला सापडल्या. तेविसावी पारोळ्याहून पोस्टकार्डावर आली: पान ९३ वर एक ‘डोळा’ अजून राहिला आहे.